रुसलेल्या देवांच्या मुलखात: नवरात्रातलं करवीर

"नवरात्रात या, पण पंचमी धरून या," मावशीनं फोनवर बजावलं होतं. "नुसतं रांगेत उभं राहून दर्शन घ्यायचं असेल तर कधीपण येता येतं की." आईचे गुडघे, माझी रजा आणि मावशीचा हट्ट यांचा मेळ यंदा एकदाचा बसला. पुण्याहून एसटीनं करवीरला, म्हणजे कोल्हापूरला गेलो. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की सातारा मागे पडला तसा पाऊस लागला आणि कराडपर्यंत सोबतीला होता.

चतुर्थी: अंबाबाई

बाहेरचे लोक महालक्ष्मी म्हणतात, कोल्हापुरात मात्र अंबाबाई. मावशीच्या पेठेत कुणाच्याही तोंडून मी दुसरं नाव ऐकलं नाही.

दुपारी महाद्वारातून आत शिरलो तेव्हा गर्दी होती, पण रांग हलत होती. मूर्ती काळ्या पाषाणाची, जेमतेम तीन फुटांची. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र. मागे सिंह, मस्तकावर नाग आणि लिंग. नवरात्रात रोज वेगळी पूजा बांधतात. साडी, दागिने आणि फुलं यांच्या आड हे सगळं झाकून जातं, त्यामुळे मूळ मूर्ती पाहायची असेल तर नवरात्रात येऊन उपयोग नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. ती देवीच्या नथीकडे बघत बसली आणि मागच्या बाईनं कोपरानं ढकलल्यावर पुढे सरकली.

रांगेत आमच्या पुढे बेळगावकडचं एक कुटुंब होतं. त्यातल्या आजोबांनी नातवाला गोष्ट सांगायला घेतली आणि आम्हीही कान लावले. भृगू ऋषीनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली. विष्णू चिडायचं सोडून ऋषीचाच पाय चेपत बसला. लक्ष्मी संतापली. माझं राहायचं ठिकाण ते, तिथं लाथ बसली आणि तुम्ही पाय चेपता? ती वैकुंठ सोडून करवीरला आली आणि इथंच राहिली. तिला शोधत निघालेला विष्णू वेंकटगिरीवर थांबला. म्हणून तिरुपतीहून दर नवरात्रात अंबाबाईला शालू येतो. आजोबांचं मत पक्कं होतं की तिरुपतीला जाऊन इथं आलं नाही तर ती यात्रा अर्धीच.

घरी येऊन मी ही गोष्ट मावशीला सांगितली, तर ती उखडलीच. "बायको-बियको कुणाची नाही ती. मागं सिंह कुणाच्या असतोय? डोक्यावर लिंग कुणाच्या असतंय? आदिशक्ती आहे ती." हा वाद इथं जुना आहे आणि चांगला गरमागरम चालतो. मी मावशीच्या घरी राहत होते, तेव्हा मावशीच्या बाजूनं.

देऊळ मात्र वेळ काढून बाहेरून बघा. भिंती एका रेषेत नाहीत, कोनाकोनांतून आत-बाहेर होतात, आणि त्या प्रत्येक कोनात कुणीतरी उभं आहे: वादक, नर्तकी, योगिनी. बांधकाम एका राजाचं नाही. शिलाहार आणि यादव यांच्या काळात भर पडत गेली, शिखरं त्याहून बरीच नंतरची. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या बिरुदावलीत 'महालक्ष्मीलब्धवरप्रसाद' असं लिहवून घेत. त्यांच्याही आधीचा दाखला राष्ट्रकूट अमोघवर्षाचा. शके ७९३ म्हणजे इ.स. ८७१ च्या संजाण ताम्रपटात असं कोरलंय की प्रजेवरचं संकट टळावं म्हणून त्यानं आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला वाहिलं. ती महालक्ष्मी कोल्हापूरचीच, असं अभ्यासक मानतात. पुढे आक्रमणांच्या काळात मूर्ती एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवली होती, आणि १७१५ च्या विजयादशमीला, करवीरच्या संभाजी छत्रपतींच्या काळात, ती पुन्हा गाभाऱ्यात बसली.

देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून किरणोत्सव होतो. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची सुरुवात, आणि पुन्हा ९ नोव्हेंबरच्या सुमारास, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. एक दिवस पायांवर, एक दिवस छातीपर्यंत, एक दिवस पूर्ण मूर्तीवर. वाटेत उंच इमारती आल्यापासून कधी पोचतात, कधी अडतात, आणि त्याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर असते.

जाणाऱ्यांसाठी: चपला स्टँडवरच ठेवा. गुडघेदुखीवाले सोबत असतील तर मुखदर्शनाची रांग धरा, दर्शन लांबून होतं पण पाऊण-एक तास वाचतो. एरवी कोल्हापूरला जाणार असाल तर शुक्रवार गाठा, रात्री साडेनऊच्या सुमारास आवारातून पालखी निघते.

रात्री मावसभाऊ गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेला. तिथं म्हशीच उभ्या असतात. गवळी समोर धार काढतो, चरवीतून फेसासकट पेला भरतो आणि हातात देतो. पेला कोमट, फेस नाकाला लागतो, वास थेट म्हशीचा. आईनं दोन पेले घेतले. मी एकावर थांबले, तर गवळी म्हणाला, "पुण्याच्या काय?"

ललिता पंचमी: टेंबलाईचा रुसवा

मावशीनं हट्ट का धरला होता ते आज कळलं.

कोल्हासुर नावाच्या असुरानं या भागात धुमाकूळ घातला होता. अंबाबाईनं त्याला मारलं. मरताना त्यानं मागितलं की या गावाला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी माझी आठवण म्हणून कोहळा फुटू दे. पण गोष्ट तिथं संपत नाही. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष. त्यानं एक योगदंड मिळवला आणि त्याच्या जोरावर अंबाबाईसह सगळ्या देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्यातून सुटली एकटी त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई. तिनं युक्तीनं दंड काढून घेतला, कामाक्षाला मारलं आणि सगळ्यांना पूर्ववत केलं. मग विजयाचा सोहळा झाला, जेवणावळी झाल्या, आणि जिच्यामुळे हे घडलं तिलाच बोलवायचं राहून गेलं. टेंबलाई रुसली. गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन करवीराकडे पाठ करून बसली. अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली आणि तिच्यासमोर कोहळा फोडून कोल्हासुराचा वध पुन्हा करून दाखवला.

हे सगळं दरवर्षी होतं. सकाळी अंबाबाईची पालखी देवळातून निघते, सोबत तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी. त्या दिवशी गाभाऱ्यातली पूजाही देवी हत्तीवर बसून निघाल्यासारखी बांधतात. वाटेत घराघरांसमोर रांगोळ्या, सुवासिनी आरतीचं ताट घेऊन ताटकळत उभ्या, आणि मधेच कुणीतरी पालखीवाल्यांना सरबत देत होतं. आईला चालवणार नाही म्हणून आम्ही रिक्षानं पुढे जाऊन टेकडी गाठली. सकाळी नऊलाच वर जायला पोलिसांचे दोर लागले होते.

टेंबलाईच्या टेकडीवर एरवी गार वारा असतो म्हणे. त्या दिवशी ऊन असं होतं की दगडावर बसवेना. शेजारी एक बाई चिरमुरे-शेंगदाणे खात बसल्या होत्या, त्यांनी न विचारता आमच्या पदरात मूठभर टाकले. "इथं काय बगायला आलाय? कोव्हळा? त्यो दिसत न्हाई. निस्ता आवाज ऐकायचा."

खरंच तसंच झालं. दुपारी पालखी आली, दोन्ही देवींची भेट झाली, छत्रपती घराण्यातली मंडळी आली, आणि गुरव घराण्यातली एक लहान मुलगी त्रिशूळ घेऊन कोहळ्यापुढे उभी राहिली. मला दिसली ती तिची लाल-हिरवी काठाची परकराची कड, बस. मग त्रिशूळ लागला आणि तत्क्षणी पन्नास-साठ तरुण त्या कोहळ्यावर तुटून पडले. फुटलेल्या कोहळ्याचा तुकडा घरात ठेवला की वर्ष चांगलं जातं अशी श्रद्धा. पोलीस काठ्या आडव्या धरून ढकलत होते, पोरं काठ्यांखालून सरपटत होती. एकजण बाहेर पडला तेव्हा शर्टाची एक बाही नव्हती, आणि मुठीत कोहळ्याचा गर, बोटांतून पाणी गळतंय. तो आमच्याच शेजारणीचा मुलगा निघाला. तिनं आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग तुकडा पदरात घेतला, आणि त्यातला नखाएवढा भाग आईच्या हातावर ठेवला.

आई परतताना रिक्षात म्हणाली, "आमंत्रण द्यायचं राहिलं म्हणून एवढं! आपल्याकडं लग्नात हेच होतं." आमच्या घरातल्या एका काकूंना उद्देशून होतं ते. नाव लिहीत नाही.

टेंबलाईला दुसरा गर्दीचा काळ आषाढात असतो. पंचगंगेला पावसाचं नवं पाणी आलं की मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून डोक्यावर घागरी घेऊन पी-ढबाकच्या गजरात लोक टेकडीवर जातात आणि ते पाणी देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. मावसभावाच्या मते खरा कोल्हापुरी सण तोच, पंचमीला सगळे बाहेरचे येतात. मी बाहेरचीच असल्यानं गप्प बसले.

जाणाऱ्यांसाठी: पंचमीला स्वतःची गाडी नेऊ नका, खालीच अडवतात. पाणी, टोपी आणि लहान मुलांचं नाव-फोन लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात, एवढं असलं की झालं.

षष्ठी: ब्रह्मपुरी आणि जोतिबा

सकाळी टाउन हॉलचं संग्रहालय. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, आणि सातवाहन काळातलं अख्खं गाव मातीखालून वर आलं. त्याच टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला होता. त्यात पॉसिडॉन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. वीतभरही नसेल, पण उभं राहण्याची ऐट बघावी. रोमन व्यापाऱ्यांबरोबर आलेला हा देव दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठी कुणाच्या घरात होता, कोण जाणे. देवस्थानांच्या दंतकथा ऐकून डोकं भरलं असेल तर या छोट्या मूर्तीसमोर दहा मिनिटं थांबा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

दुपारी जोतिबा. वाडी रत्नागिरी म्हणजे तोच डोंगर, शहरापासून अठरा-वीस किलोमीटर. वर पोचताच हवा बदलली. खाली घामाच्या धारा आणि वर ढग अंगाला लागत होते. घरं, पायऱ्या, कुत्री, सगळं गुलाबी. गुलाल फरशीच्या फटींत असा मुरलाय की पावसानंही जात नाही. आमचे पांढरे सलवार-कुर्ते परतताना पांढरे नव्हते. तेव्हा जोतिबाला जाताना जुने कपडे घाला.

काळ्या दगडातली तीन देवळं ओळीनं आहेत. जोतिबाचं सध्याचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलं, केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचंही. देवाच्या हातांत खड्ग, डमरू, त्रिशूळ आणि अमृतपात्र. 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' अशी आरोळी मागून आली की आपणही ओरडतो, ठरवावं लागत नाही.

इथंही रुसण्याच्याच वळणाची गोष्ट. जोतिबा म्हणजे केदारनाथ, हिमालयातून अंबाबाईच्या मदतीला आला, रत्नासुराला मारलं, काम झाल्यावर परत निघाला. त्यानं जाऊ नये म्हणून अंबाबाई कोल्हापुरातून अनवाणी चालत त्याला विनवायला गेली. तिच्या मागोमाग माणसंही जातात. माघाच्या सुमारास ओळीनं पाच रविवार, पहाटे पंचगंगेत हातपाय धुऊन, शिवाजी पुलावरून डोंगराकडे. याला खेटे घालणं म्हणतात. मावसभावानं ते दोनदा पुरे केले आहेत आणि तिसऱ्यांदा मधेच सोडलेत. त्यानं सांगितलं की पहिल्या रविवारी पाय सोलतात, दुसऱ्या रविवारी कातडी जाड होते आणि तिसऱ्या रविवारपासून रस्त्यातल्या भज्यांची चव लागायला लागते.

मोठी यात्रा चैत्र पौर्णिमेला. गावोगावच्या सासनकाठ्या येतात, म्हणजे उंचच उंच वेळू, त्यावर निशाण, आणि एक माणूस ती काठी कमरेच्या पट्ट्यात टेकवून नाचवतो. चारी बाजूंनी दोर धरलेले सोबती तोल सांभाळतात. मान ठरलेला आहे: पहिली काठी सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीची, मग विहे गावची. पायऱ्यांवर दवणा विकणारे एक काका होते, त्यांना विचारलं, पहिला मान कोल्हापूरकरांचा का नाही? "घरच्याला कशाला मान? लांबनं येत्यात त्यांना द्यायचा." याहून नीट उत्तर मला कुणी दिलं नसतं.

एका घरगुती खाणावळीत पुरणपोळी, कटाची आमटी आणि दूध. आमटीला मसाल्याचा वास आणि पोळी इतकी मऊ की घडी मोडायच्या आधीच फाटली. मावशीचा उपवास असल्यामुळे तिच्यासाठी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. ती आमच्या ताटाकडे बघून म्हणाली, "खावा, खावा. माझं काय, चारच दिवस राहिलेत."

सप्तमी: नृसिंहवाडी आणि खिद्रापूर

सकाळी लवकर निघून वाडी. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. नृसिंह सरस्वती इथं बारा वर्षं राहिले. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली गोष्ट याच परिसरातली. गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता, घरातल्यांचं पोट त्याच्या शेंगांवर चालायचं. स्वामी भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले आणि जाताना वेलच उपटून टाकला. बायको रडायला लागली. ब्राह्मण मुळं उपटायला गेला तर खाली मोहरांनी भरलेला हंडा. आईला ही गोष्ट पाठ आहे, तरी घाटावर उभी राहून तिनं ती मला पूर्ण सांगितली.

मंदिराला शिखर नाही. विजापूरच्या बादशहाच्या मुलीला इथं दृष्टी परत आली म्हणून त्यानं ते बांधून दिलं, असं इथं सांगतात. आत मूर्ती नाही, मनोहर पादुका आहेत, औदुंबराच्या सावलीत. पावसाळ्यात कृष्णा चढते, पाणी उत्तरेकडून देवळात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री धावत येतात. तो दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नेतात. २०१९ च्या पुरात कुठवर पाणी होतं ते एका पेढेवाल्यानं हात वर करून दाखवलं, हात पुरेना म्हणून स्टुलावर चढला. आम्ही पोचलो तेव्हा घाटाच्या खालच्या पायऱ्यांवरचा गाळ नुकताच धुतलेला होता.

वाडीत खायचं म्हणजे बासुंदी आणि कवठाची बर्फी. बर्फी आधी गोड, मग आंबट लागते आणि शेवटी कवठाचा कडवट वास जिभेवर राहतो. दोन दुकानांत चाखून तिसऱ्यात घ्या, कुणी रागावत नाही.

वाडीहून कुरुंदवाडमार्गे खिद्रापूर. एसट्या थोड्या आहेत, आम्ही जाऊन-येऊन गाडी ठरवली. दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता अरुंद, आणि समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे सरकायचं.

कोपेश्वराच्या देवळात पहिल्यांदा लागतो तो स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छत नाहीच, मोठं गोल आभाळ. त्या गोलाच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची गोल रंगशिळा. आम्ही गेलो तेव्हा उन्हाची चकती रंगशिळेवरून घसरून एका खांबाच्या पायाशी आली होती. कडेनं अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलात येतो आणि त्या रात्री इथं पाय ठेवायला जागा नसते. बाहेर हत्तींचा थर आहे, देऊळ त्यांच्या पाठीवर पेललेलं. बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. बांधकाम बाराव्या शतकातलं, शिलाहार गंडरादित्याच्या काळापासूनचं. लेख जवळजवळ सगळे कन्नड, एक तेवढा संस्कृत: यादव सिंघणाचा, शके ११३६ चा. त्याच्या एक-दोन वर्षं आधीच सिंघणानं शिलाहारांचं राज्य बुडवलं होतं, आणि लगेच त्यांच्याच देवळाला गाव इनाम दिलं. जिंकणाऱ्यालाही आधी देवाशी जुळवून घ्यावं लागत असणार.

आणि नंदी नाही. शिवाच्या देवळात नंदी नाही हे लक्षात आल्यावर आई अस्वस्थ झाली. गावातले एक म्हातारे बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनी सांगितलं. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, नंदी तिकडंच राहिला. तो नदीपल्याड कर्नाटकात यडूरला आहे. सती गेली म्हणून महादेव कोपला, तो कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला आणि शेजारीच बसला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात खरंच दोघं आहेत, अंधारात जवळजवळ.

आई म्हणाली, "मग आता शांत झाला असेल की."

बाबांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. "कशाचा? विष्णू बसलाय की अजून समजावत. शांत झाला असता तर कवाच उठून गेला असता."

जाणाऱ्यांसाठी शेवटचं: खिद्रापूरला दुपारी तीनच्या आत पोचा, उजेड असताना कोरीवकाम दिसतं. गाभाऱ्यात टॉर्च लागते. जेवणाची सोय गावात नाही, वाडीत उरकून या. यडूरचा नंदी बघायचा असेल तर गाडीवाल्याशी आधीच बोलून ठेवा. ऐनवेळी विचारलं तर तो भाव वाढवतो, आणि आमच्या गाडीवाल्यानं तर सरळ नाही म्हणून सांगितलं, त्याच्या घरी सप्तमीची आरती होती.